नकाशा म्हणजे अंदाज

माणूस हॉस्पिटलात आडवा झाला की त्याला छत दिसू लागतं. उभ्याने वावरणाऱ्यांना ते एरवी दिसतच नाही. काही वर्षांपूर्वी वडिलांना अ‍ॅडमिट केलं होतं. पहिल्या रात्री ते म्हणाले, "अरे, ती ट्यूब बंद कर रे." मी केली. दहा मिनिटांत सिस्टर सलाइन बघायला आल्या, ट्यूब लावली आणि तशीच ठेवून गेल्या. ट्यूब नेमकी उशीच्या वर. तिसऱ्या खेपेला वडिलांनी काही न बोलता डोळ्यांवर पंचा ओढून घेतला.

मी आर्किटेक्ट आहे. तालुक्याच्या गावांतल्या डॉक्टरांची वीस-पंचवीस कॉटची नर्सिंग होम्स हे माझं मुख्य काम. त्या रात्री बाकड्यावर बसून मी माझेच जुने प्लॅन आठवत होतो. सगळ्यांत ट्यूब तिथेच होती. का, तर ड्रॉइंगमध्ये कॉटच्या बरोबर मधोमध आलेली रेघ बरी दिसते. त्या कॉटवर मी स्वतः एकदाही पाठ टेकली नव्हती.

फिनलंडमधल्या आल्व्हार आल्टो या आर्किटेक्टने हा विचार ९० वर्षांपूर्वी केला होता. त्याचं पाइमिओचं क्षयरोग सॅनेटोरियम १९३३ मध्ये पूर्ण झालं. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनेटोरियमही साधारण त्याच जमान्यातलं. क्षयावर औषध नव्हतं, मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपचार. रुग्ण महिनोन् महिने पडून असणार, तेव्हा खोली पडलेल्या माणसासाठीच हवी, हे आल्टोने पक्कं धरलं. दिवा रुग्णाच्या नजरेत येणार नाही असा, छताला शांत गडद रंग, आणि बेसिन असं की पाणी तिरकं पडून त्याचा आवाज होऊ नये. खोलीत दोघे जण असायचे. एकाने हात धुतले म्हणून दुसऱ्याची झोपमोड नको.

आल्टोला हे सुचलं. पण त्या बेसिनमुळे पाइमिओचे रुग्ण जास्त झोपले का? लवकर घरी गेले का? असं मोजून बघायची रीत आर्किटेक्ट मंडळींत तेव्हा नव्हतीच, आणि खरं सांगायचं तर आजही फारशी नाही. आम्ही इमारत बांधतो, फोटो काढतो, नारळ फोडतो आणि पुढच्या साइटवर जातो. डॉक्टरने गोळी दिली आणि पेशंटचं काय झालं हे कधी पाहिलंच नाही, तर त्याला आपण काय म्हणू? पण हॉस्पिटलचा आर्किटेक्ट नेमकं तेच करतो, आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.

हे मोजायला लागलेल्या लोकांची गोष्ट सांगायची आहे. या विषयाला 'एव्हिडन्स-बेस्ड डिझाइन' म्हणतात. साध्या मराठीत, पुराव्यावर उभी केलेली रचना.

नावातला 'एव्हिडन्स-बेस्ड' हा शब्द वैद्यकातून आला. १९९६ मध्ये डॉ. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित वैद्यकाची व्याख्या केली. तिचा सारांश असा: समोरच्या एका रुग्णाबद्दल निर्णय घेताना त्या घडीला उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पुरावा विचारपूर्वक वापरायचा. अनुभव फेकून द्यायचा नाही, पण 'आमच्याकडे असंच करतात' एवढ्यावर भागवायचंही नाही. पुढे जेनेल स्टिक्लर ही परिचारिका-संशोधक आणि कर्क हॅमिल्टन हा आर्किटेक्ट या दोघांनी ती व्याख्या इमारतींना लावली. रुग्णाच्या जागी एक विशिष्ट प्रकल्प आला, आणि निर्णय जाणत्या मालकासोबत बसून घ्यायचा अशी भर पडली. 'जाणत्या मालकासोबत' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. नुसता आर्किटेक्ट शहाणा असून भागत नाही.

पण हॅमिल्टनकडे जाण्याआधी एका खिडकीपाशी थांबावं लागेल.

रॉजर उलरिच हा मूळचा आर्किटेक्ट नव्हे, भूगोलाचा माणूस. पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठात आणि त्यानंतर स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात तो आर्किटेक्टांनाच शिकवू लागला. १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा जेमतेम दोन पानांचा लेख आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक हॉस्पिटल होतं. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर ऑपरेशननंतरचे रुग्ण ठेवायचे. खोल्या जवळपास सारख्या, पण काही खिडक्यांतून झाडं दिसायची आणि काहींतून विटांची तपकिरी भिंत. ज्याच्या नशिबी जी खोली रिकामी, त्याला ती.

उलरिचने काय केलं पाहा. १९७२ ते १९८१ या काळातली पित्ताशय काढलेल्या रुग्णांची कागदपत्रं काढली. त्यातही फक्त १ मे ते २० ऑक्टोबर या मुदतीतली, कारण बाकीचे महिने तिथल्या झाडांना पानंच नसतात. मग जोड्या लावल्या. एक झाडवाला, एक भिंतवाला. दोघांचं वय जवळपास सारखं, दोघं पुरुष किंवा दोघी बायका, सिगारेट ओढणाऱ्याशी ओढणारा, स्थूल असेल तर जोडीदारही स्थूल, मजलाही तोच. अशा २३ जोड्या झाल्या. केसपेपरमधून माहिती काढणाऱ्या नर्सला कोणत्या खोलीतून काय दिसतं हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर नकळत तिचा हात एका बाजूला झुकला असता.

आकडे असे आले. झाड दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. ऑपरेशननंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत भिंतवाल्यांना वेदनाशामकांचे कडक डोस सरासरी अडीचच्या आसपास लागले, झाडवाल्यांना एकाच्या आसपास. झाडवाल्यांचं ॲस्पिरिनसारख्या सौम्य गोळ्यांवर भागत होतं. नर्सच्या नोंदींत 'रडत होत्या', 'बराच धीर द्यावा लागतो' अशा छापाची वाक्यं भिंतवाल्यांच्या वाट्याला माणशी जवळपास चार, झाडवाल्यांच्या वाट्याला एक.

हा अभ्यास इतक्या वेळा सांगितला गेलाय की आता त्याची पोथी झाली आहे. हॉस्पिटलच्या लॉबीत कुंडी ठेवणारा प्रत्येक इंटिरियरवाला त्याचं नाव घेतो. म्हणून दोन गोष्टी सांगतो, ज्या सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, खिडकीचं माप. तिचा खालचा काठ जमिनीपासून ७४ सेंटिमीटरवर होता, म्हणजे कुशीवर पडलेल्या माणसालाही बाहेरचं नीट दिसत होतं. आपल्याकडे सिल लेव्हल डोळे झाकून तीन फूट धरतात. मग कॉटवरच्या माणसाला झाडाऐवजी आभाळाचा तुकडा आणि ग्रिल दिसतं. दुसरी गोष्ट, उलरिचने स्वतःच हात राखून लिहिलं होतं. ही एक विशिष्ट भिंत होती, कंटाळवाणी, एकसुरी. शहरातल्या प्रत्येक दृश्याला हा निष्कर्ष लागू होईलच असं नाही. उलट, दीर्घकाळ पडून कंटाळलेल्या रुग्णाला गजबजलेला रस्ता जास्त बरं वाटवेल, असंही त्याने सुचवलं होतं. माझ्या वडिलांना तेच हवं होतं. त्यांच्या खिडकीतून एसटी स्टँड दिसलं असतं तर ते दिवसभर गाड्यांच्या पाट्या वाचत बसले असते.

तेव्हा ४६ माणसांवरून काय सिद्ध झालं? झाडाने पित्ताशयाची जखम भरते, हे नाही. एवढंच झालं की खोलीबाहेर काय दिसतं यासारखी 'सौंदर्याची' मानलेली गोष्ट दिवसांत आणि डोसांत मोजता येते हे कळलं. त्याआधी या गोष्टी आवडीनिवडीत जमा होत्या. आवडीनिवडीवर बजेट कापताना कुणाचा हात थरथरत नाही.

आता हॅमिल्टन. मला या विषयातला सर्वांत जवळचा माणूस तोच वाटतो, कारण तो आमच्यातला आहे. कर्क हॅमिल्टनने ३० वर्षं ह्यूस्टनमध्ये हॉस्पिटलं बांधली. स्वतःची फर्म होती, मोठी कामं होती. मग २००४ मध्ये तो टेक्सास ए अँड एममध्ये प्राध्यापक झाला. तीस वर्षं उत्तरं देऊन झाल्यावर माणूस प्रश्न विचारायला बसला, असं म्हणू या. २००७ मध्ये स्टिक्लरबरोबर त्याने 'हर्ड' हे संशोधन-नियतकालिक सुरू केलं. यात आरोग्य-इमारतींवरचे अभ्यास इतर तज्ज्ञांकडून तपासून मगच छापले जातात. एक आर्किटेक्ट आणि एक नर्स मिळून संपादक, हीच मुळात नवी गोष्ट होती. आणि पुढे, बाकीचे लोक निवृत्तीचे बेत आखतात त्या वयात, त्याने अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातून पीएचडी केली. आर्किटेक्चरमध्ये नव्हे, नर्सिंगच्या क्षेत्रात. विषय होता, आयसीयूतली नर्स रुग्णाच्या खोलीत कशी वावरते. आयुष्यभर आयसीयू बांधलेला माणूस शेवटी नर्सच्या मागे मागे फिरून बघायला लागला की आपण बांधलेल्या खोलीत ती नेमकी करते काय.

त्याने २००३ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या मी माझ्या ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत. पहिल्या पायरीवरचा आर्किटेक्ट संशोधन वाचतो आणि समजून-उमजून आपल्या प्लॅनमध्ये वापरतो. दुसऱ्या पायरीवरचा त्यापुढे जातो: 'मी असं केलं तर तसं होईल' हे आधी लिहून ठेवतो आणि इमारत सुरू झाल्यावर मोजतो. तिसरा ते निकाल चार लोकांसमोर जाहीर करतो, चांगले आले तरी आणि तोंडघशी पडला तरी. चौथा ते विद्यापीठातल्या लोकांना सोबत घेऊन, कडक तपासणीतून पार पाडून, छापतो. चार पायऱ्या सगळीकडे सांगितल्या जातात. हॅमिल्टनने आणखी एक सांगितली आहे, शून्याची. शून्य पायरीवरच्या माणसाला विषयाचं नाव ठाऊक असतं, एक-दोन लेखांचे मथळे पाठ असतात, आणि आपल्याला जे करायचंच होतं त्याला तो पुराव्याचं लेबल लावतो. मी ते वाचलं तेव्हा माझीच दोन-तीन प्रेझेंटेशन डोळ्यांसमोरून गेली.

यातला कणा दुसऱ्या पायरीत आहे. प्लॅन म्हणजे अंदाज. 'नर्सिंग स्टेशन मधोमध ठेवलं तर सिस्टरची पायपीट कमी होईल' हे विधान खरं असेल किंवा खोटं. ते आधी लिहिलं नाही, तर नंतर काहीही घडलं तरी आपलंच बरोबर होतं असं म्हणायला आपण मोकळे.

पण मोजायचं कसं? इथे इमारत आणि गोळी यांच्यातला फरक आडवा येतो. गोळीची चाचणी करताना चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी गोळी देता येते. खोटी इमारत कुठून आणणार? शिवाय नवी इमारत कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर नवी यंत्रं येतात, नवे डॉक्टर येतात, पगार वाढतात, सगळ्यांना उत्साह असतो. सहा महिन्यांनी जंतुसंसर्ग कमी झाला तर श्रेय कुणाचं? भिंतींचं, की नव्याने नेमलेल्या कडक मेट्रनचं?

म्हणून या क्षेत्रातले चांगले अभ्यास अशा जागा शोधतात जिथे एकच गोष्ट बदललेली आहे. पिट्सबर्गमध्ये मणक्याचं ऑपरेशन झालेल्या ८९ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये छापून आला. वॉर्ड एकच, डॉक्टर-नर्स त्याच, पण एका बाजूच्या खोल्या उजेडाच्या आणि दुसऱ्या बाजूच्या अंधाऱ्या. उजेडाच्या बाजूला सूर्यप्रकाश ४६ टक्के जास्त होता आणि तिथल्या रुग्णांनी ताशी २२ टक्के कमी वेदनाशामकं घेतली.

स्वीडनच्या हुडिंगे हॉस्पिटलमधला प्रयोग तर मला भारीच आवडतो. हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात त्यांनी फक्त छताच्या टाइल्स बदलल्या. दिसायला सारख्याच, पण काही आठवडे आवाज परतवणाऱ्या आणि काही आठवडे आवाज शोषणाऱ्या. नर्स त्याच, यंत्रं तीच. आवाज शोषणाऱ्या टाइल्सच्या काळात कर्मचाऱ्यांना कामाचा ताण कमी वाटला, आणि त्या काळातले रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाणही कमी निघालं. फॉल्स सीलिंगची टाइल! आपल्याकडे ती निवडताना डाग पडतात का आणि स्क्वेअर फुटाला किती, एवढेच दोन प्रश्न असतात.

आवाजाचं प्रकरण एकूणच गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये रुग्णांच्या खोल्यांसाठी ३० ते ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये जगभरातली जुनी-नवी मोजमापं एकत्र केली. तेव्हा दिसलं की १९६० च्या सुमारास हॉस्पिटलात दिवसा सरासरी ५७ डेसिबल आवाज असायचा, तो ७२ वर गेलाय. रात्रीचा ४२ वरून ६०. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते. दहा डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५७ चे ७२ हा फरक 'थोडा जास्त' नाही. त्यात आमच्याकडे कडप्पा किंवा ग्रॅनाइट, भिंतीला छतापर्यंत टाइल्स आणि लोखंडी कॉट. मावशींच्या हातून बेडपॅन निसटलं की आख्खा वॉर्ड दचकून उठतो.

इमारत रुग्णाला मारू शकते, हे तसं फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या काळापासून ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं होतं. ब्रिटिश सरकारचं सॅनिटरी कमिशन आलं, त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत ते दोन टक्क्यांवर आलं. दिवा हातात घेतलेली नाइटिंगेल सगळ्यांना माहीत असते. पुढे आकडेमोड करून ही गटारांची गोष्ट सरकारच्या गळी उतरवणारी नाइटिंगेल कमी लोकांना माहीत असते. हॉस्पिटलने रुग्णाला निदान अपाय तरी करू नये, हे तिचं म्हणणं. मग दीडशे वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं की तिथल्या हॉस्पिटलांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं जातात. त्या अहवालाने आर्किटेक्टांनाही हलवलं. चूक करणारा माणूस दमलेला असतो, अंधारात औषधाचं लेबल वाचत असतो, मध्येच कुणी तरी हाक मारलेली असते. यातल्या बऱ्याच गोष्टी प्लॅनवर ठरतात.

दमण्यावरून आठवलं. अ‍ॅन हेंड्रिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांत नर्सच्या हालचाली मोजल्या, २००८ मध्ये निकाल छापले. दहा तासांच्या दिवसपाळीत एक नर्स एक ते पाच मैल चालते, म्हणजे दीड ते आठ किलोमीटर. त्याहून बोचरा आकडा वेळेचा. पाळीतला एक तृतीयांशाहून जास्त वेळ कागदपत्रांत, आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या वर्गात मोडणारा जेमतेम एक पंचमांश. म्हणून मग मोठं मध्यवर्ती स्टेशन फोडून दर दोन खोल्यांमागे छोटं टेबल द्यायची पद्धत आली. पायपीट काही ठिकाणी कमी झाली. पण नर्स एकमेकींपासून तुटल्या. नवख्या मुलीला पटकन काही विचारायला शेजारी कुणी राहिलं नाही. एका बाजूची गाठ सोडवली की दुसरीकडे बसते, हे या विषयात पदोपदी दिसतं.

स्वतंत्र खोल्यांचंही तसंच. अमेरिकेत २००६ च्या मार्गदर्शक नियमांपासून नव्या हॉस्पिटलांत एका खोलीत एकच रुग्ण हा दंडक झाला. कारणं सबळ होती: संसर्ग, झोप, खासगीपणा. इंग्लंडमध्ये सगळ्या खोल्या स्वतंत्र असलेलं हॉस्पिटल उघडलं तेव्हा जिल मेबेन आणि सहकाऱ्यांनी आधीची आणि नंतरची स्थिती तपासली. २०१६ मध्ये छापलेले निकाल संमिश्र होते. बहुतेक रुग्णांना स्वतंत्र खोली आवडली, पण एकटेपणाही जाणवला. नर्सची चाल वाढली. आणि संसर्ग स्पष्टपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे स्वतंत्र खोली वाईट का? नाही. पण 'पुराव्याने सिद्ध झालंय' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला, कुठे आणि कुणासाठी, हे विचारलं पाहिजे.

आपल्याकडे तर हा प्रश्न विचारावाच लागतो. परदेशी अभ्यासांत रुग्णाजवळ नर्स असते. आपल्या जनरल वॉर्डात नातेवाईक असतो. सलाइन संपली हे सिस्टरला तोच सांगतो, पेशंटला संडासला तोच नेतो, डबा तोच आणतो आणि कॉटखाली चटई टाकून तोच झोपतो. शेजारच्या कॉटवरच्या आजींचा मुलगा खाली औषध आणायला गेला, तर आजींकडे आपलीच आई बघते. वॉर्डातली ही देवघेव कुठल्याही प्लॅनमध्ये दाखवलेली नसते, पण वॉर्ड तिच्यावर चालतो. स्वतंत्र खोल्या करताना ती तुटते, आणि तिची जागा घेणाऱ्या जादा नर्स तर आलेल्या नसतात.

हवेच्या बाबतीत मात्र परदेशातला एक अभ्यास जसाच्या तसा आपल्या दारात येऊन बसतो. पेरूची राजधानी लिमा. क्षयाचा प्रादुर्भाव मोठा, पैसा बेताचा. तिथल्या आठ हॉस्पिटलांत ७० खोल्यांमधली हवा तासाला किती वेळा बदलते हे एस्कोम्ब आणि सहकाऱ्यांनी मोजलं. २००७ मध्ये छापलं. दारं-खिडक्या उघड्या असताना साधारण २८ वेळा. यंत्राने हवा खेळवायच्या महागड्या खोल्यांसाठी शिफारस आहे १२ वेळांची. पण खरी गंमत पुढे आहे. खिडक्यांवर चालणाऱ्या खोल्यांतही नव्या बांधकामांत १७ वेळा, आणि १९५० पूर्वीच्या जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत ४० वेळा. मग त्यांनी गणिती प्रारूप लावून अंदाज बांधला: उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णांच्या सहवासात २४ तास काढले तर किती जणांना लागण होईल? यंत्रावरच्या खोल्यांत ३९ टक्के, नव्या खिडक्यांच्या खोल्यांत ३३, जुन्या इमारतींत ११.

हे आकडे मी डॉक्टर क्लायंटना दाखवतो, कारण सगळ्यांना एसी हवा असतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतो, हे शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. खिडकी बंद, पडदा ओढलेला, आत वीस माणसं खोकतायत आणि तापमान २४. वेटिंग रूम कशी 'फ्रेश' वाटते! अर्थात खिडकी उघडली की डास, धूळ आणि बाहेरच्या लग्नाचा डीजे. तेव्हा 'खिडक्या उघड्या ठेवा' एवढं सांगून आर्किटेक्टचं काम संपत नाही. जाळी काढून धुता आली पाहिजे, झडप वर हवी, समोरच्या भिंतीतही हवेला बाहेर जायला वाट हवी. एकाच बाजूला खिडकी असेल तर वारा दारातून परत फिरतो.

पैशाचं काय, हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या मंडळींनी कागदावर ३०० कॉटचं एक काल्पनिक हॉस्पिटल उभं केलं, त्याचं नाव 'फेबल हॉस्पिटल'. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतल्या सुधारणा त्यात घातल्या. जादा खर्च आला १.२ कोटी डॉलर; आणि रुग्ण तोल जाऊन पडल्याने होणाऱ्या जखमा, संसर्ग, नोकरी सोडणाऱ्या नर्स यांवरची बचत धरली तर तो वर्षभरात भरून निघतो असं गणित निघालं. गणित करणारे याच विचाराचे पुरस्कर्ते होते, हॉस्पिटल कल्पनेतलं होतं, तेव्हा मी ते जरा जपूनच वाचतो. तरी त्यातली एक गोष्ट पटते. इमारत एकदा बांधायची असते, आणि ती चालवायची पुढची चाळीस वर्षं.

मागच्या वर्षी एका तालुक्याच्या गावी अठरा कॉटचं काम सुरू होतं. स्लॅब टाकून झाला होता, विटकाम व्हायचं होतं. परदेशात खोलीचा पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना उभा करून त्यात नर्स-डॉक्टरांना काम करायला लावतात. आमच्याकडे पुठ्ठा नव्हता, रेघा मारायची चुन्याची फक्की होती. गवंड्याला घेऊन मी स्लॅबवर एका खोलीचा लाइनआउट मारला: भिंती, दार, बेसिन, संडास. डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यातून एक कॉट, एक स्ट्रेचर आणि सलाइनचा स्टँड टेम्पोत घालून आणला. बरोबर तिथल्या दोन सिस्टर आणि मावशी आल्या.

मी कॉटवर आडवा झालो. पहिल्या पाच मिनिटांतच सिस्टर म्हणाल्या, "सर, स्टँड या बाजूला असतो, नि तुमचं दार याच बाजूला उघडतंय." दार उलटं करायचं ठरलं. मग स्ट्रेचर आत घेतला तर तो बेसिनच्या रेघेवरून गेला. बेसिन सरकवायचं कुठे यावर आम्ही वाद घालत होतो तेवढ्यात मावशी चपला काढून कॉट आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात चक्क झोपल्या. "पेशंटची बायको इथं झोपणार," त्या म्हणाल्या, "बेसिन इथं आणलंत तर तिच्या तोंडावर पाणी उडंल." बेसिन दाराशेजारी गेलं. आत येताना आणि बाहेर जाताना डॉक्टरांच्या हाताशी आता तेच पहिलं येतं. सिल ७५ सेंटिमीटरवर आणली आणि ट्यूब पायाकडच्या भिंतीवर, वरच्या दिशेला तोंड करून लावली.

हॉस्पिटल सुरू होऊन चार महिने झालेत. डॉक्टर फोनवर खूश असतात, पण खूश असणं ही नोंद नव्हे. डॉक्टर खोलीत शिरताना खरोखर हात धुतात का, हे कुणी मोजलेलं नाही. रात्री ट्यूब किती वेळा लागते, तेही नाही. मोठ्या सिस्टरना मी पावलं मोजणारी दोन घड्याळं देऊन आलोय, एक जुन्या दवाखान्यातल्या पाळीसाठी, एक नव्या. पहिल्या महिन्यात एक हरवलं.